फुकटचे गाणे ही नवी महारकी

निर्मिती आणि धंदा हे दोन शब्द एकत्र आले की आपल्या चळवळीतील माणसाच्या कपाळाला आठ्या पडतात. कवीने पैसे मागू नयेत, शाहिराने बिदागीची बोली करू नये, भीमगीत लिहिणाऱ्याने करारमदाराची भाषा बोलू नये, असा एक अलिखित संकेत आपण मानीत आलो आहोत. जो पैसे मागतो तो विकला गेला आणि जो मागत नाही तो निष्ठावंत, इतकी सोपी वाटणी आपण करून टाकली आहे. दुसरीकडे, गेल्या काही वर्षांत याच्या अगदी उलट बोलणारा तरुण पुढे आला आहे. किती लोकांनी पाहिले, किती जणांनी वाजवले, एवढ्यावरच गाण्याची योग्यता ठरते असे तो मानतो. या दोन्ही भूमिका तपासून पाहण्याची वेळ आली आहे. प्रस्तुत लेखात तोच प्रयत्न केला आहे. प्रश्न केवळ काही कलावंतांच्या पोटाचा नाही. जी वाणी गावकुसाबाहेरच्या माणसाला प्रथम माणूस म्हणून उभी करती झाली, ती कोणाच्या ताब्यात राहणार, हा तो प्रश्न आहे.

१

आमच्या पाचोरा, भडगाव, जामनेर, चाळीसगाव या भागात १४ एप्रिलची तयारी सुरू झाली की वस्तीवस्तीत पट्टी जमू लागते. हातावर पोट असलेला मजूरदेखील आपल्या वाट्याचे पैसे देतो. त्यात कुचराई नसते. मग खर्चाची यादी होते. मंडप, रोषणाई, ध्वनिक्षेपक, बॅनरची छपाई, मिरवणुकीची गाडी, जेवण. यातील प्रत्येकाला त्याचा दर ठरवून पैसे दिले जातात. मंडपवाल्याला कोणी असे म्हणत नाही की, बाबासाहेबांचे काम आहे, यंदा बांबू फुकट लाव. विजेची माळ लावणाऱ्याच्या निष्ठेची कोणी परीक्षा घेत नाही. यादीच्या शेवटी गायन पार्टीचे नाव येते आणि तेथे मात्र सूर बदलतो. 'आपलाच माणूस आहे', 'समाजाचे काम आहे', 'चहापाणी आणि गाडीभाडे देऊ', अशी वाक्ये ऐकू येतात. ज्याच्या शब्दासाठी सारा मांडव उभा राहिला, तोच त्या मांडवात बिनमोलाचा ठरतो.

यात संयोजकांचा दुष्टावा नसतो. बहुतेक जण प्रामाणिक कार्यकर्तेच असतात. पण प्रामाणिक माणसाच्या हातूनही जुनी व्यवस्था आपले काम करवून घेते. म्हणून हा संकेत आला कोठून, हे पाहिले पाहिजे.

२

कलावंताने पैशाचा विचार करू नये ही शिकवण ज्या वर्गाने दिली, त्या वर्गाच्या घरात पैशाची सोय अगोदरच झालेली होती. ज्याला इनाम आहे, जमिनीचा खंड येतो, किंवा प्राध्यापकी-वकिलीचे उत्पन्न आहे, तो स्वान्तःसुखाय लिहू शकतो. त्याच्या निःस्पृहतेचा खर्च दुसरे कोणी तरी भागवीत असते. प्रस्थापित साहित्यविचाराने या सोयीलाच तत्त्व बनवले आणि आपणही ते न तपासता उचलले. दिवसभर जिनिंगमध्ये गाठी उचलून रात्री गाणे रचणाऱ्या माणसाला तेच माप लावणे हा अन्याय आहे.

परंतु दुसरे मूळ याहून खोल आहे आणि ते आपल्या हाडामांसात रुतलेले आहे. गावगाड्यात महाराने सांगावा पोचवायचा, सरकारी कामगाराच्या घोड्यापुढे धावायचे, मेलेले ढोर ओढायचे, वेस राखायची. आणि त्याबद्दल मजुरी न मागता बलुते घ्यायचे. बलुत्याला माप नव्हते. काम किती तासांचे याला मर्यादा नव्हती. खळ्यावर शेवटी जे पदरात पडेल तो मोबदला. आणि या साऱ्याला नाव काय होते, तर 'हक्क' आणि 'मान'! वतनदार म्हणवून घेण्याचा मान देऊन एका संपूर्ण जातीचे श्रम अनिश्चित मोबदल्यावर बांधून ठेवले गेले.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, ते या व्यवस्थेवर घाव घालण्यासाठी. कामाचे स्वरूप ठरलेले असावे, मोबदला निश्चित असावा आणि तो कोणाच्या मर्जीवर अवलंबून नसावा, हा त्यामागचा विचार होता. त्या वेळी ते विधेयक तडीस गेले नाही. कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करणारा कायदा मुंबई राज्यात १९५८ साली झाला. म्हणजे कामाला ठरलेले दाम मिळावे या साध्या गोष्टीसाठी आपल्याला तीस वर्षे वाट पाहावी लागली. दया पवारांनी १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मकथनाला 'बलुतं' हेच नाव दिले, यात पुष्कळ काही आले.

आता त्याच समाजाच्या मंडपात, त्याच बाबासाहेबांच्या नावाने, कलावंताला 'मान आहे, पैसे कशाला?' असे विचारले जात असेल तर ती महारकीच होय. फरक इतकाच की वेसकराची काठी जाऊन हाती पेटी आली आहे.

३

बाबासाहेबांचा पैशाकडे पाहण्याचा दृष्टिकोन काय होता, हे आपण भाषणांतून फारसे सांगत नाही. ते अर्थशास्त्राचे पंडित होते. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा प्रबंध १९२३ साली प्रसिद्ध झाला, हे आपण सांगतो. पण बडोद्याची नोकरी सोडून मुंबईला आल्यावर, १९१८ साली सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी मिळण्यापूर्वी, त्यांनी शेअर आणि गुंतवणुकीसंबंधी सल्ला देणारी एक पेढी काढली होती, ही गोष्ट किती विद्यार्थ्यांना ठाऊक आहे? कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या या माणसाचा सल्ला गिऱ्हाइकांना उपयोगी वाटत होता. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक फिरकेनासे झाले आणि पेढी बंद पडली. बाजार हा जातीच्या पलीकडचा असतो, तेथे फक्त गुणवत्ता चालते, असे आज आपल्या तरुणांना सांगणाऱ्यांनी हा प्रसंग लक्षात ठेवावा. आणि धंदा हा आपला विषयच नव्हे असे म्हणणाऱ्यांनीही लक्षात ठेवावा, कारण बाबासाहेबांनी त्यात पाऊल टाकताना कमीपणा मानला नव्हता.

पुढे ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाला. शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले. 'केसरी'ने त्याची जाहिरात पैसे देऊ केले असतानाही छापली नाही. ३ एप्रिल १९२७ रोजी 'बहिष्कृत भारत' सुरू झाले. बाबासाहेबांनी त्यासाठी मोबदला घेतला नाही, स्तंभच्या स्तंभ एकट्याने लिहून काढले. तो त्याग होताच. परंतु तेवढ्यावर ते गप्प बसले नाहीत. १९२८ साली त्याच पत्रात त्यांनी पत्राच्या कर्जाचा प्रश्न उघडपणे वाचकांपुढे मांडला आणि हे ऋण एका व्यक्तीचे नसून समाजाचे आहे, ते समाजाने फेडले पाहिजे, असे बजावले. पैसा मागताना त्यांना संकोच वाटला नाही. १५ नोव्हेंबर १९२९ ला ते पत्र बंद पडले. विचार कमी पडला म्हणून नव्हे. पत्राला पुरेसे आर्थिक बळ मिळाले नाही म्हणून. आपल्या नियतकालिकांचा इतिहास हा पुष्कळ अंशी थकलेल्या वर्गण्यांचा इतिहास आहे, हे कटू असले तरी खरे आहे.

आपण बौद्ध आहोत. तेव्हा धम्म काय सांगतो तेही पाहू. सम्यक आजीविका हे अष्टांगिक मार्गाचे एक अंग आहे. सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी गृहस्थाला आपल्या मिळकतीचे चार भाग करावयास सांगितले आहेत. एक भाग उपभोगासाठी, दोन भाग कामधंद्यात घालण्यासाठी आणि चौथा भाग अडचणीच्या काळासाठी राखून ठेवण्यासाठी. कलावंत गृहस्थाला हा नियम लागू नाही, असे कोठेही म्हटलेले नाही. वाद्य दुरुस्त करणे, नवी ढोलकी घेणे, कोरसच्या पोरांना शिकवणे, पुस्तके विकत घेणे, हे गायकाचे कामधंद्यात घालावयाचे दोन भाग होत. ज्याला मिळकतच नाही त्याने भाग कशाचे करावेत?

४

येथवर एक बाजू झाली. आता दुसरी. मोबदला मागणे रास्त आहे याचा अर्थ मोबदल्याने गाणे ठरवावे असा होत नाही. समीक्षेचे काम खरे येथेच सुरू होते, कारण पैशाचा मार्ग बदलला की रचनेचा घाट बदलतो आणि तो बदल आपण डोळसपणे तपासलेला नाही.

आंबेडकरी जलसा १९३० च्या सुमारास उभा राहिला, तेव्हा त्यात गीत होते, संवाद होता, सवाल-जवाब होते, सावकार-पाटील-भटजी यांची सोंगे होती. प्रयोग रात्र-रात्र चाले. भीमराव कर्डकांसारख्या जलसाकारांनी तमाशाचा साचा घेतला आणि त्यातील शृंगार काढून तेथे युक्तिवाद बसवला. ऐकणारा समोर बसलेला असे आणि त्याला पटवावयाचे असे. म्हणून जलशातील पदाला वाद घालण्याची ताकद होती.

पुढे गायन पार्ट्यांचे सामने आले. समोरच्या पार्टीला उत्तर द्यावयाचे, श्रोत्याने बक्षिसाची नोट पुढे केली की त्याचे नाव पुकारावयाचे. त्यामुळे हजरजबाबीपणा वाढला; पण विचार दोन टाळ्यांच्या मध्ये बसेल एवढाच राहिला. १९८० नंतर कॅसेट आली. कॅसेटला दोन बाजू आणि ठरलेली मिनिटे. गाणे चार-पाच मिनिटांत संपले पाहिजे, ध्रुवपद पहिल्याच ओळीत पकडले पाहिजे. जलशातील संवाद आणि सोंग यांना तेथे जागाच नव्हती. कॅसेटचे उपकारही मान्य केले पाहिजेत. ज्या खेड्यात कधी शाहीर पोचला नसता तेथे प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांचे आवाज पोचले. परंतु कॅसेटमध्ये जयजयकार बसला आणि युक्तिवाद गळाला, हेही तितकेच खरे. मिरवणुकीतील डीजेने तर शब्दच दाबून टाकला. आज यूट्यूबवर पहिल्या काही क्षणांत माणूस थांबला पाहिजे, या हिशेबाने गाणी बेतली जातात. तेथे बाबासाहेबांचे नाव वारंवार येते. त्यांचा विचार क्वचित.

गद्य लेखनातही हेच घडले. 'बलुतं', 'उपरा' (१९८०), 'अक्करमाशी' (१९८४), 'उचल्या' (१९८७) या आत्मकथनांनी मराठी वाङ्मयाचा पाया हलवला. ही पुस्तके गिऱ्हाइकासाठी लिहिली गेलेली नव्हती. लिहिल्याशिवाय राहवत नाही म्हणून ती आली. पण ती खपू लागल्यावर एक अपेक्षा तयार झाली. दलित लेखकाने आपले दुःख आणावे, भूक आणावी, अपमान आणावा. मध्यमवर्गीय वाचक हळहळेल आणि पुस्तक घेईल. ज्याने ही मागणी ओळखून लिहिले त्याच्या लेखनात अनुभव हा माल झाला. दलित लेखकाने अर्थकारणावर, विज्ञानावर, प्रेमावर किंवा विनोदाने लिहिले तर त्याला 'दलित' म्हणावे की नाही असा प्रश्न विचारला जाऊ लागला. गावगाड्याने काम ठरवून दिले होते, बाजाराने विषय ठरवून दिला. धंद्याची दृष्टी निर्मितीच्या आत शिरली की हे असे होते.

म्हणून भेद स्पष्ट करावयास हवा. काय लिहावे, काय गावे, कोणाला नकार द्यावा, हे ठरविताना पैशाला विचारू नये. लिहून झाल्यावर, गाऊन झाल्यावर त्याचा वापर कोण करणार, किती काळ करणार आणि त्याबद्दल काय देणार, हे ठरविताना पैशाविषयी बोलण्यास लाजू नये. आपल्याकडे नेमके उलटे चालले आहे. लिहिताना बाजाराकडे डोळा आणि करार करताना संतपणा!

५

करार म्हटले की आपला कलावंत बिचकतो. पण पाचोऱ्याच्या माणसाला ही गोष्ट कापसावरून चटकन समजेल. शेतकरी कापूस विकतो तो बोंडातून वेचलेला, सरकीसकट. जिनिंगमध्ये शंभर किलो कापसातून साधारण ३३ ते ३५ किलो रुई निघते आणि उरलेली बहुतेक सरकी. रुईची गाठ होते, तिचे सूत होते. सरकीचे तेल निघते, ढेप गुरांना जाते. प्रत्येक टप्प्याला वेगळा भाव आहे. शेतकऱ्याला मिळतो तो पहिल्याच टप्प्याचा.

गाण्याचेही तसेच आहे. एका गाण्यात शब्द हा एक हक्क, चाल हा दुसरा, गायन हा तिसरा आणि ध्वनिमुद्रण हा चौथा. त्यातून कॅसेट निघते, मग चित्रफीत, मोबाइलची धून, चित्रपट, इंटरनेट. कॅसेटच्या काळात कित्येक कवींनी आणि गायकांनी हा सगळा कापूस एका उक्त्या रकमेला देऊन टाकला, पुष्कळदा कोऱ्या कागदावर सही करून. पुढे सरकी कोणी नेली आणि रुई कोणी नेली, याचा त्यांना पत्ता लागला नाही.

कायदा याबाबत काय म्हणतो, हे शिक्षक आणि विद्यार्थी मित्रांनी समजून घेऊन वस्तीतील कलावंताला सांगितले पाहिजे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यान्वये हक्काचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी असावे लागते. १९९४ च्या दुरुस्तीने असे ठरविले की करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरावी आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता धरावा. त्या दुरुस्तीपूर्वीच्या करारांना हे लागू नाही, म्हणून जुन्या कॅसेटांचे प्रश्न बिकट आहेत. २०१२ च्या दुरुस्तीने आणखी महत्त्वाची गोष्ट केली. चित्रपटात वा ध्वनिमुद्रणात आलेल्या गीताच्या कवीला आणि संगीतकाराला स्वामित्वधनाचा आपला समान वाटा कंपनीला लिहून देताच येत नाही. दिला तरी तो कायद्याने टिकत नाही. तो वाटा फक्त वारसांकडे किंवा स्वामित्वधन वसूल करणाऱ्या संस्थेकडे जाऊ शकतो. गायक-वादकांनाही त्यांच्या सादरीकरणाच्या व्यापारी वापराबद्दल हक्क आहे. कवीच्या हक्काची मुदत त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे. अण्णा भाऊ साठे १९६९ साली गेले. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनाचा हक्क २०२९ अखेरपर्यंत आहे. वामनदादा कर्डक २००४ साली गेले. त्यांच्या प्रसिद्ध गीतांचा हक्क २०६४ अखेरपर्यंत आहे.

आपल्या शाहिरांना हक्काची जाणीवच नव्हती असे मात्र कोणी समजू नये. शेवटच्या अंतऱ्यात आपले नाव गुंफण्याची चाल संतांपासून वामनदादांपर्यंत चालत आली. ती नाममुद्रा म्हणजे तोंडी परंपरेतील सहीच होय. कॅसेटच्या मिनिटांत बसत नाही म्हणून शेवटचा अंतरा गाळला की सही पुसली जाते आणि गाणे बेवारस होते.

६

यावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. वामनदादा खेडोपाडी हिंडले, मिळेल ते खाल्ले, जागा मिळेल तेथे झोपले, गाणी वाटीत गेले. त्यांनी बिदागीचा हिशेब केला असता तर ते घराघरांत पोचले असते काय? माझे म्हणणे असे की वामनदादांचा त्याग हा त्यांनी स्वतः होऊन दिलेला होता. जे दिले जाते ते दान. जे मागून, दडपण आणून, निष्ठेची शपथ घालून घेतले जाते ते वेठ. एका माणसाच्या दानाचा दाखला देऊन पुढच्या शंभर माणसांकडून वेठ घेणे हा त्या दानाचाही अपमान आहे. ज्या वस्तीची पट्टीच जमत नाही तेथे शाहिराने फुकट गावे, अवश्य गावे. पण डीजेला हजारो रुपये मोजणाऱ्या समितीने त्याच्याकडून फुकट गाणे मागू नये.

आणि त्यागाची किंमत अखेर कोण मोजतो? अण्णा भाऊंच्या 'फकिरा'ला १९६१ साली राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला, त्यांच्या कादंबऱ्यांवर चित्रपट निघाले, आणि तरीही ते दारिद्र्यात गेले. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांना १९५७ आणि १९९० साली राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव मिळाला. तमाशाच्या फडाने, त्यातल्या उचलीने आणि कर्जाने त्यांना अखेरपर्यंत ओढगस्तीत ठेवले. २००२ साली त्या गेल्या. आज त्यांच्या नावाचा राज्य पुरस्कार आहे. जिवंतपणी मोबदला नाही आणि मेल्यावर पुरस्कार, हा व्यवहार आपण किती दिवस गौरवाचा म्हणून सांगणार?

पाचोऱ्याहून जुन्या पी.जे. गाडीच्या वाटेने शेंदुर्णी, पहूर ओलांडले की पुढे अजिंठा आहे. आपल्या बौद्ध वारशाचे ते शिखर. तेथील सोळाव्या लेण्यात वाकाटकांचा मंत्री वराहदेव याचा शिलालेख आहे, सव्विसाव्यात भिक्खू बुद्धभद्राचा आहे, बाराव्यात एका व्यापाऱ्याने दिलेल्या दानाची नोंद आहे. ज्यांनी खर्च केला त्यांची नावे दगडात कोरली गेली. पद्मपाणीच्या चेहऱ्यावर ती करुणा ज्याने उतरवली, त्याचे नाव आपल्यापर्यंत आले नाही. दीड हजार वर्षांनंतर आपल्या जयंतीच्या बॅनरवर देणगीदारांचे आणि पुढाऱ्यांचे फोटो एका रांगेत असतात आणि गीतकाराचे नाव कोठेही नसते.

हे बदलावयाचे असेल तर ठराव आणि भाषणे पुरेशी नाहीत. जयंती समित्यांनी खर्चाची यादी करताना पहिल्या ओळीत गीतकार आणि गायन पार्टीचे मानधन लिहावे आणि तो आकडा कलावंताला विचारून लिहावा. ध्वनिक्षेपकाचे पैसे त्यानंतर. गाणे ध्वनिमुद्रित होणार असेल तर काय दिले, किती वर्षांसाठी दिले, कोठे वापरावयाचे, एवढ्या तीन गोष्टी साध्या मराठीत कागदावर याव्यात. हे काम महाविद्यालयातील आपले विद्यार्थी सहज करू शकतील. गाणे कोणीही गावो, रचणाऱ्याचे नाव माइकवर सांगितल्याशिवाय सुरू करू नये. आणि त्रैमासिकाच्या वाचकांनी आपली थकलेली वर्गणी भरावी, कारण हा नियम गायकांना लावून स्वतःला वगळता येणार नाही.

कलावंतांकडूनही एक अपेक्षा आहे. मानधन ठरवून घ्या, पावती घ्या, हक्क राखून ठेवा. पण त्या पैशाच्या बदल्यात समितीच्या अध्यक्षाची स्तुती गाऊ नका. तेवढे राखलेत तर तुम्हाला कोणी विकले गेलेले म्हणणार नाही आणि कोणी म्हटलेच, तर उत्तर देण्यासाठी तुमचे गाणे तुमच्याच हाती असेल.